दक्षिण कोलकात्याची पोटनिवडणूक आणि काँग्रेसमधली फाळणी



कोलकात्याला निघालेल्या मराठी माणसाला कोणी ना कोणी सांगतेच, की हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे, तिथे उतरा. मीही उतरलो. संध्याकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडलो आणि हाजरा रोड या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. वाटेत दोन मोठे रस्ते आडवे आले. एकावर पाटी होती श्यामाप्रसाद मुखर्जी रोडची. दुसऱ्यावर शरत बोस रोडची, म्हणजे जुन्या लॅन्सडाउन रोडची.

पाट्या वाचून मला हसू आले. १९४७ साली ही दोन माणसे एकमेकांच्या विरुद्ध टोकांना उभी होती. श्यामाप्रसाद म्हणत होते, बंगालची फाळणी झालीच पाहिजे. शरदबाबू, म्हणजे सुभाषबाबूंचे थोरले बंधू, सुहरावर्दींबरोबर बसून अखंड आणि स्वतंत्र बंगालची योजना मांडत होते. एकाचे झाले, दुसऱ्याचे फसले. पण पुढच्या पाच वर्षांत या दोघांनीही काँग्रेसला घाव घातला तो याच दक्षिण कोलकात्यात. आणि त्या घावामागे सीमा ओलांडून येणाऱ्या माणसांचा प्रश्न होता. आज मी त्याबद्दल बोलणार आहे.

आपली व्याख्याने अमेरिकेतही ऐकली जातात. तिथल्या मंडळींना ‘प्रायमरी’ हा प्रकार समजावून सांगायला नको. खरी निवडणूक नंतर, आधी पक्षातल्या पक्षात निवडणूक. बाहेरून येणाऱ्यांचे काय करायचे, या प्रश्नावर तिथे एकाच पक्षाचे लोक एकमेकांशी भांडतात आणि ते भांडण मतपेटीत उतरते. आपल्याकडे कायद्याने प्रायमरी नाही. तरी एक काळ असा होता, की काँग्रेस हाच एवढा मोठा पक्ष होता की देशाचे खरे भांडण त्या पक्षाच्या पोटात होई. १९४९ आणि १९५० ही ती वर्षे. आणि त्यातला सर्वांत अवघड प्रश्न कोलकात्याच्या सियालदा स्टेशनावर गाठोडी घेऊन बसला होता.

आधी बंगालचे वेगळेपण सांगतो, कारण आपल्या डोळ्यांसमोर फाळणी म्हटली की पंजाब येतो. किंवा घरचे उदाहरण म्हणजे उल्हासनगर. सिंधी निर्वासित आले, कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत राहिले, १९४९ साली त्या वसाहतीला नाव मिळाले. पश्चिमेकडे जे झाले ते भयानक होते, पण ते थोड्या महिन्यांत झाले आणि सरकारने ते कायमचे धरले. इकडचे तिकडे, तिकडचे इकडे. गेलेल्यांची घरे-जमिनी आलेल्यांना. बंगालमध्ये असे झाले नाही. तिथे लोक एकदम आले नाहीत, ते येत राहिले. १९४७ ला काही आले, १९४८ ला आणखी आले, मग जरा ओसरले, मग १९५० साली धरण फुटावे तसे आले. दिल्लीची भूमिका अशी होती की हे लोक परत जातील, त्यांनी परत जावे, त्यासाठी तिकडे शांतता हवी. त्यांना इथे फार सोयी दिल्या तर आणखी लोक येतील. नेहरूंना ही भीती मनापासून वाटत होती.

तिला दुसरी बाजूही आहे आणि ती विसरून चालणार नाही. पूर्व बंगालमधले सगळे हिंदू निर्वासित म्हणून घ्यायचे ठरले, तर इकडच्या मुसलमानांचे काय होणार, हे नेहरूंना दिसत होते. ते कल्पनेतले भय नव्हते. १९५० च्या सुरुवातीला कोलकाता आणि हावड्यात दंगली झाल्या आणि तिथून हजारो मुसलमान कुटुंबे पूर्व पाकिस्तानकडे पळाली.

आता पक्षाकडे वळू.

अखंड बंगालची जी काँग्रेस होती, तिचा कणा पूर्वेकडचा होता. ढाका, मैमनसिंग, बारिसाल, कुमिल्ला. क्रांतिकारकांच्या समित्या तिकडे, खादीचे आश्रम तिकडे, तुरुंगात गेलेले तरुण तिकडचे. प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष सुरेंद्रमोहन घोष मैमनसिंगचे. स्वातंत्र्याच्या दिवशी पश्चिम बंगालचे पहिले मुख्यमंत्री झालेले प्रफुल्लचंद्र घोष ढाका जिल्ह्यातले. रसायनशास्त्राचे विद्वान, सरकारी टांकसाळीतली मानाची नोकरी गांधीजींच्या हाकेसरशी सोडलेली, अभय आश्रमाचे संस्थापक. किरणशंकर राय तर त्याहून विलक्षण. फाळणीनंतर ते पाकिस्तानच्या घटना समितीत काँग्रेसचे नेते होते. १९४८ साली ते इकडे आले आणि पश्चिम बंगालचे गृहमंत्री झाले. म्हणजे निर्वासितांचा बंदोबस्त ज्याने करायचा तो गृहमंत्रीच सीमेपलीकडून आलेला. वर्षभरात, फेब्रुवारी १९४९ मध्ये, ते वारले.

सीमारेषा ओढली गेली तेव्हा देशाची फाळणी झाली हे सगळ्यांना कळले. पण पक्षाचीही फाळणी झाली, हे कळायला काही महिने गेले. नेता ढाक्याचा, पण ढाका आता परदेश. त्याचे गाव, त्याचा जिल्हा, त्याच्या मागे उभे राहणारे कार्यकर्ते, सगळे पलीकडे. मग प्रांतिक समितीत तो बसतो कोणाच्या वतीने? हा प्रश्न हुगळी, वर्धमान, बांकुडा, मेदिनीपूरचे कार्यकर्ते विचारू लागले. पश्चिमेकडची ही मंडळी इतकी वर्षे बंगाल काँग्रेसमध्ये दुय्यम होती. आता प्रांत त्यांचा होता. कोलकात्यात पश्चिमेकडच्या माणसाला ‘घोटी’ म्हणतात आणि पूर्वेकडच्याला ‘बांगाल’. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या फुटबॉल संघांच्या चाहत्यांत हे भांडण आजही गोडीगुलाबीने चालते. १९४९, ५० आणि ५१ या तीन वर्षी आयएफए शील्ड सलग ईस्ट बंगालने जिंकली. छपरावाचून राहणाऱ्या माणसांना त्याचे केवढे अप्रूप वाटले असेल याचा विचार करा. पण पक्षाच्या कचेरीत हे भांडण गोडीगुलाबीचे नव्हते.

प्रफुल्लबाबू पाच महिने टिकले. जानेवारी १९४८ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या आमदारांनी त्यांना जायला लावले आणि २३ जानेवारीला डॉक्टर विधानचंद्र राय मुख्यमंत्री झाले. विधानबाबू कोणत्याही गटाचे नव्हते, म्हणून सर्वांना चालले. पण संघटनेत ज्या माणसाचा हात वर चालला तो हुगळी गटाचा नेता अतुल्य घोष. हा माणूस भाषणांतला नव्हता, यादीतला होता. कोणत्या तालुक्यात कोण, कोणाचे किती सभासद, हे त्याला तोंडपाठ.

काँग्रेसने १९४८ साली आपली घटना बदलली होती. सभासदांचे तीन प्रकार केले. प्राथमिक, त्यावर पात्र, त्यावर क्रियाशील. खालच्या सभासदांनी मते द्यायची, वरच्यांनी पदे घ्यायची. मग देशभर सभासद नोंदणीची लूट सुरू झाली. खोट्या नावांच्या तक्रारी इतक्या आल्या की खुद्द नेहरू वैतागले. आपल्याकडे साखर कारखान्याच्या निवडणुकीपूर्वी सभासद यादीवरून जे होते ते डोळ्यांसमोर आणा, म्हणजे चित्र पुरे होईल. या नोंदणीत जम बसतो कोणाचा? ज्याच्या पायाखाली गाव आहे त्याचा. जबरदखल जमिनीवर ताडपत्री ताणून राहणारा माणूस कोणत्या गावचा सभासद होणार?

हा ‘जबरदखल’ शब्द तिथलाच. जमीन दखल केली, तीही जबरीने. मराठी माणसाला शब्द समजावून सांगावा लागत नाही. जादवपूरला लष्कराने महायुद्धात बांधलेल्या बराकी रिकाम्या पडल्या होत्या. तिथे निर्वासित शिरले आणि त्यांनी वसाहतीचे नाव ठेवले विजयगड. मग आझादगड, नेताजीनगर. रातोरात बांबू रोवायचे, सकाळी पोलीस किंवा जमीनदाराची माणसे आली की बायकांनी शंख फुंकून सगळ्यांना गोळा करायचे. १९५० संपेपर्यंत अशा १४९ वसाहती उभ्या राहिल्या.

पण १९४९ च्या जूनकडे परत येऊ. दक्षिण कोलकात्यात विधानसभेची पोटनिवडणूक लागली. काँग्रेसने सुरेशचंद्र दास यांना उभे केले. समोर शरत बोस. शरदबाबूंनी १९४७ साली काँग्रेस सोडली होती. प्रचाराच्या काळात ते तिथे नव्हतेही, हृदयविकाराच्या उपचारांसाठी युरोपात होते. उमेदवार परदेशात आणि सत्तारूढ पक्षाची सगळी यंत्रणा समोर. निकाल लागला तेव्हा काँग्रेसच्या उमेदवाराला मिळालेल्या मतांच्या तिपटीहून अधिक मते शरदबाबूंना पडली होती.

मी जेव्हा हे प्रथम वाचले तेव्हा मला वाटले, सरळ आहे, निर्वासितांनी काँग्रेसला पाडले. बरेच लोक आजही असेच सांगतात. ते चूक आहे. १९४९ ची मतदारयादी जुनी होती, १९३५ च्या कायद्याची. मालमत्ता, कर, शिक्षण यांच्या अटी होत्या. सियालदाच्या फलाटावरचा माणूस त्या यादीत असणे शक्यच नव्हते. मत देणारे होते भवानीपूर-बालीगंजचे वकील, डॉक्टर, मास्तर, कारकून, म्हणजे हाजरा रोडच्या दोन्ही बाजूंना राहणारे लोक. त्यांनी काँग्रेसला का नाकारले? भ्रष्टाचाराच्या तक्रारी होत्या, विनाचौकशी अटकेचे कायदे होते, महागाई होती. सुभाषबाबूंच्या भावाविषयी माया होती. आणि जोडीला हे होते, की त्या वकिलाच्या, मास्तराच्या घरात गेले दीड वर्ष बारिसालची मावशी आणि तिची पाच मुले राहत होती. निर्वासितांना मत नव्हते. पण ते ज्यांच्या ओसरीवर झोपत होते त्यांना होते.

निकालाने दिल्ली हादरली. जुलैत नेहरू स्वतः कोलकात्याला आले, मैदानावर त्यांची प्रचंड सभा झाली आणि त्या सभेत बॉम्बही फेकला गेला. काँग्रेस कार्यकारिणीने तर ठरवले की पश्चिम बंगालमध्ये सहा महिन्यांत नव्याने निवडणूक घ्यावी. एका पोटनिवडणुकीवरून! पुढे तो बेत बारगळला. विधानबाबू नेहरूंना पत्रे लिहून हिशेब मांडत होते. त्यांचे म्हणणे असे, की केंद्राने दिलेल्या पैशांतला बराचसा भाग कर्जाचा आहे, अनुदान म्हणून जे मिळाले ते सोळा लाख विस्थापितांवर वाटले तर दोन वर्षांत माणशी वीस रुपयांच्या आसपास पडते. काँग्रेसचा मुख्यमंत्री काँग्रेसच्याच पंतप्रधानाला हे लिहीत होता.

मग १९५० उजाडले. डिसेंबरात खुलना जिल्ह्यात ठिणगी पडली होती, फेब्रुवारीत ढाका आणि बारिसालमध्ये भीषण दंगली झाल्या. त्या एका वर्षात दहा लाखांहून अधिक लोक सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. ८ एप्रिलला नेहरू आणि लियाकत अली खान यांनी दिल्लीत करार केला. दोन्ही देशांनी आपापल्या अल्पसंख्याकांना संरक्षण द्यायचे, परत जाणाऱ्यांना मालमत्ता परत द्यायची. त्या कराराविरुद्ध दोन बंगाली मंत्र्यांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. एक श्यामाप्रसाद मुखर्जी, ते काँग्रेसचे नव्हतेच. दुसरे क्षितीशचंद्र नियोगी, १९४७ साली पुनर्वसन खाते प्रथम ज्यांच्याकडे होते तेच.

या मंत्रिमंडळात आपले एक गृहस्थ बसले होते, काकासाहेब गाडगीळ. त्यांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे, की कराराच्या मसुद्यात नोकऱ्या आणि प्रतिनिधिसंस्थांत लोकसंख्येच्या प्रमाणात जागा देण्याचा भाग होता. त्याला त्यांनी बैठकीत विरोध केला आणि तो भाग गाळला गेला. सरदार पटेलांना हा करार फारसा पसंत नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होते. तरी करार झाल्यावर तेच कोलकात्याला गेले, तिथे काही दिवस राहिले आणि चिडलेल्या लोकांना समजावत बसले, की सरकारचा शब्द आहे, त्याला संधी द्या. म्हणून पक्षात इकडे पटेल आणि तिकडे नेहरू अशी सरळ रेघ मारणाऱ्यांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. ती रेघ अनेक जागी वाकडी आहे.

पण एका जागी ती सरळ झाली. ऑगस्ट १९५० मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती. तीन उमेदवार होते. पुरुषोत्तमदास टंडन, आचार्य कृपलानी आणि आपले शंकरराव देव. मघाशी प्रायमरी म्हटले ना, तिच्या सर्वांत जवळ जाणारी आपली घटना हीच असेल. देशभरातल्या प्रांतिक समित्यांचे प्रतिनिधी मते देणार होते. टंडनजींनी जुलैत दिल्लीत भरलेल्या निर्वासितांच्या परिषदेचे अध्यक्षपद घेतले होते. त्या परिषदेचा सूर नेहरूंना मुळीच आवडला नव्हता. त्यांनी टंडनजींना पत्र लिहून स्पष्ट कळवले, की तुम्ही उभे राहू नका, तुमच्या निवडीने चुकीच्या शक्तींना बळ येईल. दोघेही अलाहाबादचे आणि तीस वर्षांचे सोबती. टंडनजींनी नम्रपणे उत्तर दिले आणि अर्ज मागे घेतला नाही.

निकाल असा होता: टंडन १,३०६, कृपलानी १,०९२, शंकरराव देव २०२. पंतप्रधानाला नको असलेला माणूस पक्षाने अध्यक्ष केला. इतिहासाची पुस्तके या निवडणुकीला पटेल आणि नेहरू यांच्यातली कुस्ती म्हणतात आणि आर्थिक धोरण, हिंदीचा प्रश्न वगैरे कारणे देतात. ती कारणे खरीच आहेत. पण तारखा लक्षात घ्या. एप्रिलमध्ये करार आणि ऑगस्टमध्ये मतदान. मधले चार महिने सियालदाला गाड्या भरून येत होत्या.

मग सप्टेंबरात अधिवेशन भरले, तेही आपल्या नाशिकला. आणि तिथे गंमत झाली. ज्या प्रतिनिधींनी टंडनजींना निवडले, त्यांनीच नेहरूंचा जातीयवादाविरुद्धचा ठराव आणि पाकिस्तानविषयीचे धोरण मंजूर केले. माणूस तुमचा, धोरण त्यांचे. तोंडघशी कोणीच पडले नाही आणि प्रश्न जिथल्या तिथे राहिला. गोदाकाठी निर्वासितांविषयी पुष्कळ बोलले गेले, पण मत देणाऱ्या प्रतिनिधींमध्ये निर्वासित किती होते? जे पूर्वेकडचे जुने नेते होते, त्यांचीच खुर्ची घरी हलत होती. कारण त्याच १९५० मध्ये अतुल्य घोष पश्चिम बंगाल प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले. प्रफुल्लचंद्र घोष आणि कामगार नेते सुरेशचंद्र बॅनर्जी, दोघेही अभय आश्रमाचे, काँग्रेसमधून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षात गेले. यादीच्या माणसाने यादी जिंकली होती.

त्याच ऑगस्टमध्ये, तिकडे अध्यक्षपदाची मते पडत असताना, इकडे कोलकात्यात निर्वासितांच्या वसाहतींनी आपली संयुक्त मध्यवर्ती परिषद स्थापन केली. तिला यूसीआरसी म्हणतात. कम्युनिस्ट, फॉरवर्ड ब्लॉक आणि इतर छोटे डावे पक्ष तिच्यात होते. इथे वसाहतीच्या समितीतल्या माणसाला मत होते, निवडून जाण्याची सोय होती. मला या दोन घटना एकाच महिन्यात याव्यात हे फार बोलके वाटते.

१९५१ च्या सुरुवातीला विधानबाबूंच्या सरकारने विधानसभेत एक विधेयक आणले, अनधिकृत ताबा घेतलेल्यांना हुसकावण्याचे. कोलकात्यात मोर्चांवर मोर्चे निघाले. शेवटी कायदा झाला तो बदलून. त्याचे नावसुद्धा बदलले. आधी नुसतेच निष्कासन होते, आता पुढे ‘विस्थापितांचे पुनर्वसन’ हे शब्द जोडले गेले. ३१ डिसेंबर १९५० पर्यंत वसलेल्यांना पर्यायी सोय केल्याशिवाय हलवायचे नाही, असे ठरले. काँग्रेसच्या अधिवेशनाने जे दिले नाही ते रस्त्यावरून मिळाले, आणि ते मिळवून देणारे कोण हे विजयगडच्या माणसाने पाहून ठेवले.

मताचे काय झाले तेही सांगायला हवे. १९४८ साली घटना समितीच्या सचिवालयाने प्रौढ मतदानाची यादी करायला घेतली, तेव्हा अट होती ठरावीक दिवसांच्या वास्तव्याची. निर्वासिताकडे वास्तव्य कुठले? सचिवालयाने मार्ग काढला, की मी इथेच कायम राहणार असे नुसते लिहून दिले तरी नाव घ्या. मला आपल्या नोकरशाहीतली ही फार थोर गोष्ट वाटते. कोणताही दाखला न मागता माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला. पण घटना लागू झाली तेव्हा सहाव्या कलमाने गाठ घातली. १९ जुलै १९४८ पूर्वी आलेले आपोआप नागरिक. त्यानंतर आलेल्यांनी घटना लागू होण्याआधी नोंदणी करायची आणि त्यापूर्वी सहा महिने भारतात राहिलेले असायचे. म्हणजे जुलै १९४९ च्या अखेरीनंतर जो आला, तो १९५५ चा नागरिकत्व कायदा होईपर्यंत लटकत राहिला. एकाच घरात १९४८ ला आलेला थोरला भाऊ मतदार आणि १९५० च्या दंगलीत पळून आलेला धाकटा नाही, असे होऊ शकत होते.

या कलमाखाली एक असा माणूसही आला, ज्याचे आपल्यावर उपकार आहेत. १९४६ साली डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांना मुंबईतून घटना समितीवर जाता आले नाही, तेव्हा ते बंगालमधून निवडून गेले. त्यामागे बारिसालचे नामशूद्र नेते जोगेंद्रनाथ मंडल होते. फाळणीनंतर मंडल पाकिस्तानचे कायदामंत्री झाले, आणि ऑक्टोबर १९५० मध्ये राजीनामा देऊन कोलकात्याला परत आले. त्यानंतर त्यांनी इथे अनेक निवडणुका लढवल्या. एकही जिंकली नाही. १९६८ साली वारले. त्यांना पाकिस्तानात गेल्याचा दोष देणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यामागे आलेली नामशूद्र कुटुंबे मात्र छावण्यांतून दंडकारण्यात पाठवली गेली, काही आपल्या चांदा जिल्ह्यात. गडचिरोलीत मुलचेरा, चामोर्शीकडे गेलात तर त्यांची गावे दिसतील, घरात अजून बंगाली बोलतात.

१९५२ ला पश्चिम बंगालमध्ये काँग्रेसने २३८ पैकी १५० जागा जिंकल्या. अतुल्यबाबूंचे गणित खेड्यांचे होते आणि ते बरोबर होते. पण कोलकाता आग्नेय या लोकसभा मतदारसंघातून श्यामाप्रसाद मुखर्जी निवडून आले, नुकत्याच काढलेल्या जनसंघाचे. सगळ्यांना वाटले, निर्वासित हिंदू आहेत, जखमी आहेत, तेव्हा ते तिकडेच जाणार. जून १९५३ मध्ये श्यामाप्रसादांचा काश्मीरमध्ये स्थानबद्धतेत मृत्यू झाला. सारे शहर अंत्ययात्रेला लोटले. आणि काही महिन्यांनी त्याच जागेची पोटनिवडणूक झाली, तेव्हा निवडून आले कम्युनिस्ट पक्षाचे साधन गुप्त, एक अंध वकील. दोन वर्षांच्या आत तोच मतदारसंघ एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेला आणि दोन्ही वेळा मधल्या काँग्रेसला ओलांडून गेला.

ज्यांच्या हाती तो गेला त्यांचीही परीक्षा पुढे झाली. १९७७ साली डावी आघाडी सत्तेवर आली. दंडकारण्यात पाठवलेले लोक १९७८ मध्ये परत निघाले, सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर उतरले. आघाडीतल्याच काहींनी त्यांना या म्हटले होते. १९७९ मध्ये ज्योती बसूंच्या सरकारने बेटाची नाकेबंदी करून त्यांना हुसकावून लावले, गोळीबार झाला, माणसे मेली. त्यावर एक स्वतंत्र व्याख्यान करावे लागेल.

काँग्रेसमधल्या त्या भांडणाचा हिशेब मिटायला १९६७ उजाडावे लागले. अतुल्य घोष बांकुड्यातून लोकसभेला पडले. मुख्यमंत्री प्रफुल्लचंद्र सेन आरामबागेत पडले, तेही अजय मुखर्जींकडून. हे अजयबाबू स्वतः प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष होते, पक्षातून बाहेर पडून त्यांनी बांगला काँग्रेस काढली होती. त्यांचे संयुक्त आघाडीचे सरकार नोव्हेंबरात बरखास्त झाले. नवे मुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली ती ढाक्याच्या प्रफुल्लचंद्र घोषांनी. १९४८ च्या जानेवारीत ज्यांना पक्षाने घालवले होते तेच, वय पंचाहत्तरीच्या पुढे गेलेले. आणि त्यांना या वेळी पाठिंबा दिला काँग्रेसने. ते सरकार तीन महिने चालले.